आवाज पाठवताना

आमच्या घरात कोकणी बोलली जाते, वर्गात मी उर्दूतून शिकवते आणि बाजारहाट, सरकारी कागद व हे लिखाण मराठीत चालते. तिन्ही भाषांत पाठवण्याची एक रीत ठरलेली आहे. वस्तू पूर्ण तयार करायची, बांधायची, वर नाव-पत्ता घालायचा आणि रवाना करायची. लग्नाचा रुखवत असो, मुंबईच्या नातेवाइकांसाठी फणसाची पोळी असो की शाळेचा मासिक अहवाल असो, अर्धवट काही पाठवायचे नाही, असेच आम्हाला लहानपणापासून सांगितले गेले.

संगणकाची पाठवण्याची जुनी रीतही अशीच होती. आपल्या बाजूचा जो प्रोग्राम दूरच्या संगणकाकडे काही मागतो किंवा त्याला काही देतो, त्याला क्लायंट म्हणतात. पलीकडचा तो सर्व्हर. दोघांनी एकमेकांशी कोणत्या शिस्तीने बोलायचे याचे नियम म्हणजे एचटीटीपी. क्लायंट जे बोलतो त्याला रिक्वेस्ट, म्हणजे विनंती म्हणतात. हा शब्द मला आवडला. आपण काही द्यायला गेलो तरी ती विनंतीच असते. 'हे माझ्याकडून घ्या' अशी ती अर्जी आहे आणि समोरच्याला ती नाकारण्याचा हक्क आहे.

या गोष्टींशी माझा संबंध येण्याचे कारण कॅसेट आहेत.

अब्बा १९८४ ते १९९९ अशी पंधरा वर्षे दम्मामला होते. कोकणातल्या आमच्या बहुतेक मोहल्ल्यांत प्रत्येक घरातला एक तरी पुरुष तेव्हा बाहेर होता. फोन महाग होता आणि गावात तो एक-दोघांकडेच असे. पत्रे येत, पण अम्मीला उर्दू वाचायला वेळ लागे आणि लिहायला त्याहून अधिक. म्हणून अब्बा कॅसेट पाठवत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटे. दिवसाचे काम संपले की रात्री खोलीवर थोडे थोडे बोलून ती भरायची आणि सुट्टीवर गावी निघालेल्या माणसाच्या हाती द्यायची. आमच्याकडे ती पोहोचेपर्यंत महिना, कधी दोन महिने जात. अम्मी ती ऐके आणि दुसऱ्या कॅसेटवर उत्तर भरी. पुष्कळदा नवी कॅसेट नसे, तेव्हा जुन्याच फितीवर नवे बोलणे चढवले जाई. त्यामुळे कोणत्या कॅसेटवर शेवटी कोणाचा आवाज उरला, हे आज ऐकल्याशिवाय कळत नाही.

अब्बांचा २०१९ साली इंतकाल झाला. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारात आणि आसपासच्या वस्त्यांत शिरले तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर छातीभर पाणी होते. कपाट, धान्य, माझ्या बी. एड.च्या वह्या, पाठ-टिपणे, शाळेचे तक्ते सारे गेले. कॅसेटची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती, ती वाचली. त्यात तेवीस कॅसेट होत्या. पण फिती तीस-तीस वर्षे जुन्या. कोकणातल्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते. एखादी फीत वाजवताना एकदाच नीट वाजेल, दुसऱ्यांदा तुटेल, अशी अवस्था. टेपरेकॉर्डर एक होता, तोही दुरुस्त करून आणलेला. माझा लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी वीज गेली की पाच-सात मिनिटे टिकते. आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दहावीपर्यंत तो उर्दू माध्यमात शिकला. त्याने सुचवले, "खाला, टेप वाजत असतानाच आवाज पुण्याच्या सर्व्हरवर पाठवत राहू. आधी पूर्ण भरा आणि मग पाठवा, असं नको. मध्येच वीज गेली तर जेवढं गेलं तेवढं तरी तिकडे राहील." त्याने एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला होता. प्रोग्राम त्याने पायथॉन भाषेत लिहिला आणि मला ओळ न् ओळ समजावून दिला. मी शिक्षिका आहे, समजल्याशिवाय बटण दाबणे मला जमत नाही. त्याने जे शिकवले ते मी माझ्या पद्धतीने इथे मांडते.

पहिला प्रश्न हिशेबाचा. आवाज संगणकात भरताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे माप घेतले आणि प्रत्येक मापाला दोन बाइट लागले, तर एका सेकंदाचे ८८,२०० बाइट होतात. तीस मिनिटांच्या एका बाजूचे १५ कोटी ८७ लाख ६० हजार. पूर्ण कॅसेटचे ३१ कोटी ७५ लाख २० हजार. साध्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम हा सगळा ऐवज आधी संगणकाच्या स्मरणात गोळा करतो, मग मोजतो, मग पाठवतो. जुना लॅपटॉप एवढ्याने धापा टाकू लागतो, आणि दोन-तीन कॅसेट एकदम घेतल्या तर बसूनच जातो. पण खरी अडचण पुढची आहे. कॅसेट वाजत असताना पुढे किती आवाज आहे हे कोणाला ठाऊक? अब्बा कधी एका बाजूला बावीस मिनिटेच बोललेले असत.

एचटीटीपीच्या जुन्या नियमांत, म्हणजे १९९६ साली लिहिल्या गेलेल्या १.० आवृत्तीत, विनंतीबरोबर ऐवज पाठवायचा तर त्याची लांबी आधी सांगणे सक्तीचे होते. या ओळीला कंटेंट-लेंग्थ म्हणतात. पारसलावर वजन लिहावे तसे. सर्व्हर उत्तर देताना लांबी सांगितली नाही तरी चाले, कारण बोलणे संपले की तो जोडणी बंद करी आणि क्लायंटला कळे की संपले. क्लायंटला मात्र ही सोय नाही. विनंती करणाऱ्यानेच दार लावून घेतले तर उत्तर कोणत्या वाटेने येणार?

१९९७ साली एचटीटीपीची १.१ आवृत्ती आली आणि तिने यावर उपाय दिला. त्याचे नाव चंक्ड ट्रान्स्फर एन्कोडिंग. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एकूण लांबी सांगू नका. ऐवजाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याआधी एका ओळीत फक्त त्या तुकड्याचे माप लिहा, मग तो तुकडा द्या. पुन्हा माप, पुन्हा तुकडा. सगळे संपले की माप म्हणून शून्य लिहा. शून्य आले की पलीकडच्याने समजावे, बोलणे पूर्ण झाले.

माप सोळाच्या पटीतल्या अंकांत लिहितात. दहापर्यंतचे आपले अंक संपले की पुढे ए, बी, सी अशी अक्षरे येतात. आम्ही ६५,५३६ बाइटांचा तुकडा धरला होता. त्या पद्धतीत हे माप १०००० असे दिसते. आवाजाच्या हिशेबाने हा साधारण पाऊण सेकंद झाला. माप आणि ओळी तोडण्याच्या खुणा यांचा जादा खर्च एका तुकड्यामागे फक्त नऊ बाइट. म्हणजे दळणावळणाचा खर्च जवळजवळ काहीच नाही.

मी हे ऐकले आणि म्हटले, हा तर इमला आहे. उर्दू शाळेत श्रुतलेखनाला आम्ही इमला म्हणतो. इमला घालताना शिक्षक सगळा उतारा एका दमात वाचत नाहीत. चार शब्द बोलायचे, थांबायचे, मुलांनी लिहायचे, पुन्हा चार शब्द. उतारा किती लांब आहे हे मुलांना माहीत नसते आणि त्यांना त्याची गरजही नसते. शेवटी 'खत्म' म्हटले की पेन खाली.

इमल्यातून दुसरीही गोष्ट कळते. शेवटच्या बाकावरची मुलगी हळू लिहिते. ती म्हणते, "मिस, रुकिए." मग मी थांबते. मी न थांबता पुढे गेले तर तिच्या वहीत गाळलेल्या जागा राहतील. संगणकात याला बॅकप्रेशर म्हणतात. घेणाऱ्याची गती कमी असेल तर तो दाब उलट दिशेने देणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. इंटरनेटच्या खालच्या थरात, टीसीपीमध्ये, घेणारा सतत सांगत असतो की माझ्याकडे आता एवढीच जागा आहे. २०१५ साली प्रमाण झालेल्या एचटीटीपी २ मध्ये चंक्ड पद्धत काढून टाकली आणि ऐवज चौकटींत, म्हणजे फ्रेममध्ये पाठवण्याची व्यवस्था आली. तिथेही प्रत्येक प्रवाहाला सुरुवातीला ६५,५३५ बाइटांचीच परवानगी असते, पुढची घेणारा देत जातो. तंत्र बदलले, तरी 'रुकिए' म्हणण्याचा हक्क कायम राहिला.

आता 'असिंक्रोनस' हा शब्द. भाचा म्हणाला, याचा अर्थ एकाच वेळी नसलेले. मी म्हटले, ते शब्दकोशातले झाले, कामातले सांग. मग त्याने दाखवले. प्रोग्राम सरळ रेषेत लिहिला तर तो असा चालतो: टेपमधून पाऊण सेकंदाचा आवाज घ्या, सर्व्हरला द्या, गेला का ते पाहा, मग पुढचा घ्या. नेटवर्कला दोन सेकंद लागले तर प्रोग्राम दोन सेकंद नुसता उभा. टेप मात्र उभी राहत नाही, ती वाजतच असते. त्या दोन सेकंदांतले शब्द हरवले. फाईल वाचायची असती तर प्रश्न नव्हता, फाईल थांबते. फिरती फीत थांबत नाही.

असिंक्रोनस पद्धतीत प्रोग्राम वाट पाहतो, पण हातावर हात ठेवून बसत नाही. जिथे थांबावे लागेल तिथे तो खूण करून ठेवतो, दुसरे काम उचलतो आणि पहिले तयार झाले की त्या खुणेवर परत येतो. पायथॉनमध्ये यासाठी 'असिंक' आणि 'अवेट' हे शब्द २०१५ च्या ३.५ आवृत्तीत आले. आमच्या प्रोग्रामात दोन कामे शेजारी शेजारी चालतात. एक काम टेपकडून आवाज घेऊन रांगेत ठेवते. दुसरे रांगेतून काढून क्लायंटच्या हाती देते. हे दुसरे काम म्हणजे असिंक जनरेटर. तो सगळा ऐवज एकदम देत नाही, मागितला की एक तुकडा देतो आणि तुकडा नसेल तर तो येईपर्यंत दुसऱ्या कामाला वाट करून देतो. ही सोय २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून आहे. आम्ही एचटीटीपीएक्स नावाचा क्लायंट वापरला. त्याच्या असिंक प्रकाराला साधा जनरेटर दिला तर तो घेत नाही, असिंकच मागतो. ऐवजाची लांबी आपण सांगितली नाही तर तो आपणहून चंक्ड पद्धत लावतो.

हे समजताना माझ्या डोळ्यांपुढे अम्मी होती. दम्मामला प्रश्न पाठवून ती उत्तरासाठी दोन महिने थांबे, पण घर थांबत नसे. आमच्या शाळा, फी, छपराची कौले, आजोबांचे औषध चालूच असे. उत्तर आले की जिथे विषय सुटला होता तिथून ती तो उचली. तिला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यात शिकण्यासारखं काय आहे? सगळ्याच बाया तसंच करत होत्या."

रांगेला मर्यादा हवी, हे भाच्याने बजावले. अमर्याद रांग ठेवली तर नेटवर्क मंद झाल्यावर सगळा आवाज रांगेतच साठेल आणि आपण पुन्हा जुन्या रीतीवर येऊ. आम्ही चाळीस तुकड्यांची रांग ठेवली. म्हणजे सुमारे तीस सेकंदांचा आवाज, साधारण २६ लाख बाइट. कुठे ३१ कोटी आणि कुठे २६ लाख! जुन्या लॅपटॉपला हे सहज पेलते. रांग भरली तर टेपला 'रुकिए' म्हणता येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडा शेजारी डिस्कवरही उतरवून ठेवला जातो. हा आवाज जसाच्या तसा पाठवायला सेकंदाला सुमारे सात लाख बिट वर जावे लागतात. आमच्या घरात मोबाइलचे नेटवर्क खिडकीपाशी तेवढे मिळते, आतल्या खोलीत मिळत नाही. त्यामुळे टेपरेकॉर्डरही खिडकीपाशी आला.

या पद्धतीला उणिवाही आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. शून्याची शेवटची ओळ पोहोचली नाही तर नियमाप्रमाणे ती विनंती अपूर्ण मानली जाते. अपूर्ण विनंतीचे काय करायचे हे सर्व्हरवर अवलंबून असते. पुष्कळ ठिकाणी सर्व्हरच्या पुढ्यात एक दरवान प्रोग्राम बसवलेला असतो. तो आधी सगळा ऐवज स्वतःकडे जमा करतो आणि पूर्ण झाल्यावरच आत देतो. असे असेल तर इकडून थेंबाथेंबाने पाठवूनही मध्ये वीज गेली की आत काहीच पोहोचत नाही. भाच्याने ती साठवण बंद केली आणि आलेला प्रत्येक तुकडा लगेच डिस्कवर लिहिला जाईल अशी व्यवस्था केली. काही सर्व्हर लांबी सांगितल्याशिवाय ऐवज घेतच नाहीत, ते ४११ क्रमांकाचे उत्तर देतात. म्हणजे 'लांबी हवी'. आणि एक तोटा असा की वाहून गेलेला प्रवाह परत देता येत नाही. सर्व्हरने 'मी नाही, त्या दुसऱ्या दारी जा' असे सांगितले तर फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचता येते, पण जनरेटरने दिलेला तुकडा दिला तो दिला. म्हणून मोठा ऐवज सुरू करण्यापूर्वी परवानगी मागण्याची एक रीत एचटीटीपीमध्ये आहे. क्लायंट आधी फक्त पत्ता आणि ओळख पाठवतो, सर्व्हर १०० क्रमांकाचे उत्तर देतो, म्हणजे 'चालू ठेवा', मग ऐवज निघतो. वर्गाच्या दारात उभी राहून मुलगी 'मिस, अंदर आऊँ?' म्हणते, त्यातलाच प्रकार.

फाईलच्या बाबतीतही असाच पेच निघाला. वेव्ह नावाच्या ध्वनिफाईलच्या सुरुवातीला साधारणपणे ४४ बाइटांचे एक कपाळ असते आणि त्यावर आतला आवाज किती बाइटांचा हे लिहावे लागते. शेवट ठाऊक नसताना ते सुरुवातीला कसे लिहिणार? मग नुसता आवाज पाठवायचा आणि शून्य आल्यावर सर्व्हरने मोजून कपाळ लिहायचे असे ठरले. आवाजाबरोबर मी लहान टिपाही पाठवत होते. कोण बोलते आहे, कोणत्या साली. त्यात भाषेचा प्रश्न आला. संगणक लांबी अक्षरांत मोजत नाही, बाइटांत मोजतो. 'सलाम' हा शब्द उर्दू लिपीत चार अक्षरांचा, त्याचे युटीएफ-८ मध्ये आठ बाइट होतात. देवनागरीत तोच शब्द बारा बाइट घेतो. तुकडा नेमका मध्ये पडला तर एका अक्षराचे दोन बाइट इकडे आणि एक तिकडे जाऊ शकतो. घेणाऱ्याने प्रत्येक तुकडा वेगळा वाचायचा प्रयत्न केला तर अक्षर फुटते. उरलेला बाइट सांभाळून पुढच्या तुकड्याला जोडावा लागतो. फक्त इंग्रजीत काम करणाऱ्याला ही गोष्ट पुष्कळ दिवस लक्षात येणार नाही, कारण साध्या इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो. उर्दू आणि मराठी वापरणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी भेटते. आमच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. आपली भाषा संगणकात मागे आहे असे म्हणत बसण्यापेक्षा, तिच्यामुळे संगणकाची एक खोच आपल्याला लवकर समजते, हे त्यांना कळलेले बरे.

सगळी तयारी झाली तेव्हा अम्मीने एक प्रश्न विचारला. आम्ही दोघे शिकलेले, पण तो आमच्या मनात आला नव्हता. ती म्हणाली, "हे वाजता वाजताच जाणार ना? मग त्यात त्यांनी फक्त माझ्यासाठी काही सांगितलेलं असलं तर?"

भाचा गप्प झाला. मीही. सर्व्हरवरचा आवाज मस्कतला असलेली माझी बहीण ऐकणार होती, दोन्ही भाऊ, त्यांच्या बायका, नातवंडे ऐकणार होती. पंचवीस-तीस वर्षांचा नवरा परमुलखातल्या खोलीत एकटा बसून बायकोशी बोलतो, तेव्हा तो सगळ्या खानदानासाठी बोलत नसतो. आधी पूर्ण भरून मग पाठवण्याच्या जुन्या रीतीत एक मोठी सोय होती. पाठवण्यापूर्वी पुन्हा ऐकता येत होते, नको ते गाळता येत होते. प्रवाहात ती सोय नाही. आत काय आहे हे कळण्याच्या आतच ते गेलेले असते. आणि फीत दोनदा वाजवण्याच्या लायकीची नव्हती, म्हणून आधी ऐकून घ्या असेही म्हणता येत नव्हते.

भाच्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी रांगेचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने केला. एरवी रांगेत तुकडा आला की लगेच निघे. आता रांगेत तीस सेकंदांचा आवाज साठल्याशिवाय पहिला तुकडा बाहेर जाणार नाही आणि पुढेही कायम तेवढे अंतर राहील, असे त्याने केले. डिस्कवरची नक्कलही रांगेतून बाहेर पडलेल्या तुकड्यांचीच होईल. नेटवर्क अडले तर पाठवायचा उरलेला भाग तिथून घ्यायचा. एक कळ ठरवली. ती दाबली की रांगेतला सगळा आवाज पुसला जाईल आणि पुन्हा दाबेपर्यंत त्या जागी नुसती शांतता जाईल. म्हणजे ऐकल्यापासून तीस सेकंद अम्मीच्या हातात. इअरफोन फक्त तिच्या कानात. आम्ही पडद्यावर हलणारी रेघ पाहत बसायचे. मूळ फीत पुन्हा तिच्या ट्रंकेत, तिच्या कुलपाखाली.

मला वाटते, यंत्र कसे चालते हे समजून घेण्याचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या समाजात संगणक म्हणजे नोकरी, असे समीकरण झाले आहे. मुलगा कोर्स करतो, प्रमाणपत्र घेतो. ते हवेच, त्यावर घरे चालतात. पण ज्या म्हातारीला कंटेंट-लेंग्थ ठाऊक नाही, तिचा प्रश्न ऐकून प्रोग्राम बदलता येणे ही वेगळी तालीम आहे. तयार ॲप घेऊन आम्ही हे केले असते तर अम्मीला तीस सेकंद मिळाले नसते. तिला एक तर सगळे पाठवावे लागले असते किंवा काहीच नाही.

अम्मीने एकोणीस कॅसेटमध्ये चार वेळा कळ दाबली. एकदा फार वेळ, जवळजवळ सहा मिनिटे. त्या वेळी ती हसत होती. दुसऱ्या एका वेळी तिने डोळ्यांना पदर लावला, पण कळ दाबली नाही. ते बोलणे आम्ही नंतर ऐकले. १९९२ च्या डिसेंबरनंतरची कॅसेट होती. अब्बा गावातल्या प्रत्येक घराचे नाव घेऊन विचारत होते, तिकडे सगळे ठीक आहेत ना, आणि त्यात आमच्या शेजारच्या ब्राह्मण मास्तरांचे नाव सर्वांत आधी होते. ते मास्तर आमच्या गणिताचा अभ्यास घेत. त्यांच्या मुलाला मी तेवढा भाग पाठवला.

दोनदा मध्येच वीज गेली. एकदा टेप अकराव्या मिनिटाला होती. रांगेतले तीस सेकंद गेले, बाकीचे सर्व्हरवर होते. ती फीत पुन्हा सुरू करताना तुटली. जोडणी झाली, पण तुटल्या जागेपाशी आवाज घरघरतो. आधी पूर्ण भरून घ्यायचे ठरवले असते तर ती अकरा मिनिटे आमच्याकडे नसती.

एका कॅसेटवर अब्बांऐवजी अम्मीचाच आवाज निघाला. तिचे उत्तर, जे दम्मामला जाऊन तसेच परत आले होते. त्यावर पुन्हा बोलणे अब्बांनी टाळले असावे. पस्तीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज ऐकून ती म्हणाली, "केवढी भरभर बोलत होते मी! कॅसेट संपेल अशी भीती असायची." हा आवाज मस्कतला बहिणीने ऐकला आणि तिने ताबडतोब फोन केला. एके काळी तिकडून इकडे येणारे बोलणे आता इकडून तिकडे जात होते, आणि मध्ये फक्त तीस सेकंदांचे अंतर होते, तेही आम्ही मुद्दाम ठेवलेले.

माझ्या आठवीच्या वर्गात मी हा सगळा प्रकार फळ्यावर काढून दाखवला. तुकडे, मापे, शेवटचे शून्य. एका मुलीने विचारले, "मिस, शून्य पाठवायचं राहिलं तर?" मी म्हटले, तर पलीकडचा वाट पाहत राहतो आणि काही वेळाने कंटाळून जोडणी तोडतो. बोलणे किती लांब आहे हे आधी सांगायची गरज नाही, पण संपले हे सांगावेच लागते. तिने ते वहीत लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात तीन मुलींनी आपापल्या घरच्या जुन्या कॅसेट आणल्या. एकीच्या घरी लग्नातल्या बायकांच्या गाण्यांची फीत आहे, तिची दादी त्यात गाते.

आमच्या चार फिती उरल्या आहेत. दोन तुटलेल्या, एक बुरशीने चिकटलेली, आणि एक अम्मीने स्वतः बाजूला काढून ठेवली आहे. तिच्यावर काय आहे हे तिला न ऐकता माहीत आहे असे ती म्हणते. भाचा मे महिन्याच्या सुट्टीत येईल तेव्हा पहिल्या तीन करायच्या आहेत, पावसाच्या आत. चौथीचे काय करायचे ते आम्ही विचारलेले नाही.